हिराजी, तो व्हिलन तसं म्हणालाच नव्हता

हिराजी, आधी कबुली देतो. तुझ्या व्हिडिओ पारलरमध्ये सहा वर्षं मी तुझ्या कानाला लागून बसलो आणि गोऱ्यांच्या सिनेमात कोण काय बोलतंय ते तुला सांगत राहिलो. त्यातलं निम्म्याहून जास्त मलाच कळत नव्हतं. मी इंग्रजीचा मास्तर, दहावीचे वर्ग घेणारा, अर्ध्या पनवेलचे अर्ज लिहून देणारा. पण त्या उडणाऱ्या माणसांनी तोंड उघडलं की मला ‘नो’, ‘कमॉन’ आणि ‘हरी अप’ एवढंच ऐकू यायचं. बाकीचं मी माझ्या मनचं सांगायचो. हे तुला एकदा समोर बसून सांगायचं होतं. दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी चहा पिऊन परत यायचो. आता तू नाहीस, म्हणून लिहितोय.

सुरुवात तूच केलीस, हे विसरू नकोस. एसटी स्टँडच्या मागचं भाताचं जुनं गोदाम तू भाड्यानं घेतलंस. एक टीव्ही, एक व्हीसीआर, पुढे गोणपाट, मागे बाकं. हिंदी सिनेमे सगळेच लावत होते. तुझ्या हाती मुंबईहून कॅसेटचं एक खोकं लागलं, त्यात सगळे इंग्रजी सुपरहिरो. कुणी उडायचा, कुणी भिंतीतून आरपार जायचा, कुणाच्या बोटांतून वीज निघायची. मारामारी झकास. पण मधे मधे ती माणसं बोलायची, आणि ती बोलायला लागली की बाजारातून आलेल्या बायाही आपापसात बोलायला लागायच्या. मग एक दिवस तू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास.

“मास्तर, तुमी माज्या कानात सांगायचं. मी लोकांना सांगीन. तुमचा आवाज दुसऱ्या बाकापरत जात नाय.”

हे खरंच होतं. माझ्या वर्गातली मागची चार बाकं याची साक्ष देतील.

नाही म्हणता आलं असतं. पण इंग्रजीच्या मास्तरानं भर फाटकात ‘मला इंग्रजी येत नाही’ असं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय मला खरोखर वाटलं होतं की जमेल. आमचं इंग्रजी पुस्तकातलं. कर्तरीचं कर्मणी करायला सांग, झोपेत करून देईन. पण समोरचा माणूस तोंडात सुपारी ठेवल्यासारखा, पळता पळता, तेही बॉम्ब फुटत असताना बोलत असेल तर मी काय करणार? नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील. म्हण.

पहिला खेळ अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारचे तीन. पडद्यावर एक दाढीवाला व्हिलन उंच इमारतीच्या गच्चीवर उभा राहून पाच मिनिटं बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘वर्ल्ड’. मी तुझ्या कानात म्हणालो, “त्याला सगळं जग पाहिजे.”

तू मान वळवलीस. “कशाला?”

“ते सांगितलेलं नाही.”

“नाय कसा? मानसाला येक गुंठा पायजे असला तरी कारन असतं. हा आख्खा जग मागतो न् कारन नाय?”

“इंग्रजी सिनेमात नसतं,” मी म्हणालो.

तू माझ्याकडे एकदा बघितलंस, उभा राहिलास आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असं सांगितलंस, “ह्याची जमीन सरकारनं घेतली. भाव दिला नाय. दहा वरसं कचेरीत हेलपाटे घातले. आता ह्यो बोलतंय, माजी देत नाय ना, मंग मी तुमची सगल्यांची घेतो.” मागचे लोक बाकांवरून पुढे सरकले. गव्हाणची माणसं बसली होती, तुझ्या कोन गावची बसली होती. त्या काळात जमीन घेतल्याची नोटीस न आलेलं घर शोधावं लागायचं. पुढचे दोन तास लोकांनी व्हिलनला डोक्यावर घेतलं. हिरो आला की कुणी हूं की चूं करत नव्हतं. शेवटी हिरोनं त्याला गच्चीवरून खाली ढकललं, तेव्हा पहिल्या रांगेतली जनाबाई “बिचारा” म्हणाली. ही मोरा बंदरावरची जनाबाई, मासळीची टोपली रिकामी झाली की थेट तुझ्याकडे यायची. तिच्या मागोमाग सगळं गोणपाट चुळबुळायला लागलं. तू वारा ओळखलास.

“मेला नाय,” तू म्हणालास. “खाली खाडी हाय. भरती व्हती.”

खाली डांबरी रस्ता होता. मोटारी दिसत होत्या. तरी टाळ्या पडल्या.

आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि तू गेलास तरी मिटलेलं नाही. तुझं म्हणणं, या गोऱ्यांना गोष्ट सांगता येत नाही. पैसा आहे, आगी लावता येतात, माणसं उडवता येतात, पण ‘का’ विचारलं की गप्प. माझं म्हणणं, असेल तसं सांगावं, आपण बदलणारे कोण? हे मी म्हणायचो बरं का. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

दुसऱ्या सिनेमात व्हिलननं हिरोला खांबाला बांधलं आणि बंदूक रोखून बोलायला लागला. मला काही कळेना. मी म्हणालो, “धमकी देतोय.” दोन मिनिटं गेली. तू विचारलंस, “अजून?” मी म्हणालो, “आता त्याचा पुढचा बेत सांगतोय.”

“दुश्मनाला?”

“हो.”

“गोली घालायची सोरून बेत सांगतो? कोनी लिवलीय ही गोष्ट? त्याच्या कानाखाली वाजवली पायजे.”

मी मान डोलावली. खरंच वाजवली पाहिजे, म्हणालो. तू उठून लोकांना सांगितलंस की हा नोटीस वाचून दाखवतोय. कायदाच तसा आहे, नोटीस वाचल्याशिवाय गोळी घालता येत नाही. एकालाही शंका आली नाही. मागून कुणीतरी तर विचारलं, “पंचनामा झाला का?”

मग ते मुखवट्याचं. डोळ्यांवर चार बोटं काळी पट्टी बांधली की हिरोला त्याची मैत्रीणसुद्धा ओळखत नाही. जनाबाईला हे अजिबात पटेना. “माजा घोव चार गल्ल्या पलीकडं खोकला तरी मना कलतं. हिला समोर उभा दिसत नाय?” मी तुला म्हणालो, हे तरी माझ्या सांगण्यातलं नाही, दिसतंच आहे. तू जरा विचार केलास. मग म्हणालास, “तिला म्हाईत हाय. पन ती बोलत नाय. बोलली का त्याचं काम बंद परंल.” जनाबाई ‘अस्सं होय’ म्हणाली आणि त्या पोरीवर तिचा एकदम जीव बसला.

हिरोला काहीच होत नाही, हा तुझा सगळ्यात मोठा राग. त्याला गोळी लागत नाही, आग लागत नाही, इमारत अंगावर पडली तरी कपडे झटकून उठतो. “मंग मी कालजी कशाला करू? त्याची आय पन करत नसंल.” म्हणून तू त्याला दमा दिलास. उंच उडालं की खोकला येतो, डॉक्टरनं उडायला मना केलंय, पण लोकांसाठी जातो. झालं! त्यानंतर तो उडाला की गोदामात श्वास रोखले जायचे. एकदा तो लेकाचा ढगांत जाऊन चक्क हसला. तू शांतपणे म्हणालास, “छातीतली कल लपवतोय.” आणि मारामारीत निम्मं शहर पडलं की तुला वाटायचं लोक हळहळतील. वीटभट्टीवरची माणसं मागे उभी असायची. त्यातला एक म्हणाला, “बरा झाला. वरीसभर काम निघंल.” त्याच्यापुढे तुझंही काही चाललं नाही.

एकदा मात्र तू खरोखर चिडलास. एका सिनेमाच्या शेवटी हिरो मेला होता. बाया रडल्या, जनाबाई दुसऱ्या दिवशी बाजारात बसलीच नाही. महिन्याभरानं तू त्याचा दुसरा भाग आणलास, तर हा बाबा पहिल्याच मिनिटाला हजर. तू व्हीसीआर बंद केलास. “मेला तो मेला पायजे. रडलेल्या बाईला मी आता काय सांगू? तुजं रडनं परत घे?” अर्धा तास तू गोदामाबाहेर फिरत होतास. मग आत येऊन म्हणालास, हा तो नाही, त्याचा धाकटा भाऊ आहे, गावाहून आलाय. हा नियम तू स्वतःही पाळलास, हिराजी. या एका बाबतीत तू जरा ढिला असतास तर मला चाललं असतं. कुणी भाऊ म्हणून पाठवला असतास तरी मी ओळख न दाखवता चहा पाजला असता.

आता पांडूचं. तुझा मावसभाऊ, बोटीवर खलाशी, चार मुलखांचं पाणी प्यालेला. सुट्टीवर आला होता, म्हणून तू त्याला कौतुकानं पहिल्या बाकावर बसवलंस. पडद्यावर एक बाई हिरोला काकुळतीनं काहीतरी सांगत होती, तो तिला ओरडून काहीतरी उत्तर देत होता. मी कानात म्हणालो, “ती म्हणते, माझ्याशी लग्न कर. तो म्हणतो, मला जगाची कामं आहेत.” तू तसं जाहीर केलंस. पांडू उभा राहिला.

“तसा नाय बोलला तो,” तो म्हणाला. “तो बोलला, ग्यास बंद करा, पाइप फुटलाय.”

आणि त्याच क्षणी, हिराजी, पडद्यावर ती इमारत उडाली.

सगळं गोदाम माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या वर्गातली तीन मुलं बसली होती. मला वाटलं, झालं, पितळ उघडं पडलं. उद्या शाळेत फळ्यावर कुणीतरी गॅसचा पाइप काढून ठेवणार. मी उठून सांगायच्या बेतात होतो, खरंच होतो. तेवढ्यात तू अगदी सहज म्हणालास, “लग्नाला नाय बोलला म्हनून तिनं ग्यास सोरला. बाई मानूस, राग येनारच.” आणि पांडूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहाला घेऊन गेलास. पुढचा सगळा सिनेमा लोकांनी न समजता पाहिला, आणि मी घाम पुसत बसलो. गोदाम रिकामं झाल्यावर तू एकटाच परत आलास. म्हणालास, “मास्तर, तो बोटीत इंजिनापाशी काम करतो. त्याला आयकू कमी येतं. तुमी मनावर घेऊ नका.”

चार लोकांत तू मला ‘तुमी’ म्हणायचास आणि भांडताना ‘तू’. त्या दिवशी आपण दोघंच होतो तरी ‘तुमी’ म्हणालास. मला वाटलं, काय हा विश्वास! आणि त्या विश्वासापोटी मला आणखीनच खोटं बोलावं लागलं. कारण आता कबूल करायचं म्हणजे तुझ्या भावाला तू उगाच बहिरा ठरवलंस, हेही कबूल करायला हवं.

मग केबल आली. घरोघरी टीव्ही आले आणि गोणपाटावर बसायला कुणी उरलं नाही. तू व्हीसीआर विकलास, गोदाम सोडलंस आणि मंडप-खुर्च्यांचा धंदा सुरू केलास. मी रविवारी कोनला यायचो. आपण खुर्च्यांच्या चवडीशेजारी बसून तीच भांडणं परत भांडायचो. तुझं एक वाक्य ठरलेलं होतं. “मास्तर, ह्या गोष्टी लिवनारा मना येकदा भेटला पायजे. त्याला विचारीन, बाबा, तुला घरदार हाय का नाय?” मी म्हणायचो, नसेल रे. तू हसत सुटायचास. मला त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

गेल्या दिवाळीत पनवेलच्या टॉकीजला एक सुपरहिरो लागला, पण हिंदीत बोलणारा. मी एकटाच गेलो. पहिल्यांदा मला सगळं कळत होतं. आणि काय सांगू! व्हिलन गच्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, मला सगळं जग पाहिजे. का पाहिजे, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. हिरोला बांधून त्यानं पाच मिनिटं आपला बेत समजावून सांगितला, नकाशा दाखवून. मी खुर्चीत उड्या मारायचा बाकी होतो. म्हणजे मी सहा वर्षं जे अंदाजानं फेकत होतो ते बरोबरच होतं! गोऱ्यांची गोष्ट खरोखरच तेवढी कच्ची होती. कधी एकदा तुला सांगतो असं झालं. कोनची गाडी पकडली आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, ही आनंदाची बातमी तुला द्यायची तर आधी चोरी कबूल करायला पाहिजे. त्या दिवशी तू विचारलंस, “काय मास्तर, चेहरा का फुललाय?” मी म्हणालो, “काही नाही, सहज.” तू थोडा वेळ वाट पाहिलीस. मग खुर्च्या मोजायला उठलास.

काल तुझं बारावं झालं. खुर्च्या तुझ्याच होत्या, त्यामुळे माझ्या वाटणीला डुगडुगणारी आली. जेवणं झाल्यावर माणसं अंगणात पांगून बसली होती. जनाबाई आता थकलीय, मोऱ्याहून नातवाच्या रिक्षातून आली होती. ती म्हणाली, “मास्तर, येक गोष्ट सांगा उडत्या मानसाची. हिराजीला बरा वाटंल.”

मी उभा राहिलो. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. मागून लोक ओरडले, “मोठ्यानं!” मी त्या पुलाची गोष्ट काढली. नदीवरचा पूल तुटतो, हिरो खाली उभा राहून दोन्ही हातांवर तो तोलून धरतो आणि लोक वरून पलीकडे जातात. तिथेच आपल्या मशीननं टेप खाल्ली होती, आणि ती कॅसेट आपण पुढे कधी पाहिलीच नाही. मी तिथपर्यंत आलो. म्हातारे गेले, पोरं गेली, गुरं गेली, सगळे पलीकडे पोचले. आणि मी थांबलो. लोक वाट बघत होते. मग, हिराजी, माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“एक सांगायचं राहिलंय,” मी म्हणालो. “मला ते इंग्रजी कळत नव्हतं. मी हिराजीला सहा वर्षं खोटं सांगितलं.”

“ते आमाला म्हाईत हाय,” जनाबाई म्हणाली. “तुमी म्होरं सांगा.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्या ओटीच्या कडेला बसल्या होत्या, डोळे सुजलेले. त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा जराशा हसल्या. “त्यानला पयल्याच म्हैन्यात कललं व्हतं, भाऊजी. घरी येऊन सांगायचे, आज मास्तरानं काय काय ठोकलं. बोलायचे, मास्तर खोटं लय बेस रचतो, फकस्त त्याला शेवट जमत नाय.”

अंगणात हशा झाला. मीही हसलो, आणि हसता हसता एकेक आठवायला लागलं. त्या लिहिणाऱ्याच्या कानाखाली वाजवली पाहिजे, असं तू माझ्या कानाशी बसून म्हणत होतास आणि मी मान डोलावत होतो. सहा वर्षं तू मला तोंडावर शिव्या दिल्यास, माझ्या हातात चहाचा कप ठेवून. आणि मी कधीतरी आपणहून सांगेन म्हणून थांबलास. मला तुझा राग आला, खरं सांगतो. आणि त्याच वेळी वाटलं, एवढा मान मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

“मंग म्होरं?” जनाबाईनं विचारलं. “तो पुलाखाली उभा हाय.”

“लोक पलीकडे गेले,” मी म्हणालो. “तो अजून तिथंच उभा आहे. हात सोडले तर पूल त्याच्या अंगावर येणार.”

“न् मागं फिरून कोनीच आला नाय?”

मी खूप प्रयत्न केला. काही सुचलं नाही. “नाही,” म्हणालो.

“हिराजीनं कोनाला तरी धाडला असता,” जनाबाई म्हणाली.

धाडलं असतंस. मला माहीत आहे.